पहिली कात्री मालकिणीची

आमच्याकडं जुना शालू घेऊन आलेल्या बाईला इंदूआत्या आधी पाणी द्यायची, मग गूळ-शेंगदाणे, आणि मग हातात कात्री. "लावा पहिली कात्री," म्हणायची. बाई दचकायची. शिवणार ही, तर कापायचंही हिनंच, असं तिला वाटायचं. पण आत्या हटायची नाही. साबणाच्या तुकड्यानं रेघ ओढून द्यायची आणि सांगायची, बोटभर कापा, पुढचं मी बघते. हा नियम तिनं उगाच केलेला नव्हता. सुरुवातीला एकदा रविवार पेठेतली एक बाई नातीच्या पहिल्या दिवाळीसाठी परकर-पोलकं शिवायला आपला लग्नातला शालू देऊन गेली होती. शिवून झालेलं पाहिल्याबरोबर ती आमच्या ओट्यावर बसून जी ओरडायला लागली, "माझा शालू फाडला गं बाई हिनं," की शेजारच्या मळ्यातले गडी धावत आले. त्यांना वाटलं, कुणी विहिरीत पडलं. तेव्हापासून पहिली कात्री मालकिणीची. गंमत अशी, की कात्री हातात आल्यावर बऱ्याच बायका शालूची घडी घालून घरी परत घेऊन जायच्या. आत्याला त्याचं काही वाटत नसे. "बरं झालं, आत्ताच कळलं," म्हणायची आणि उरलेले शेंगदाणे मला द्यायची.

घर मखमलाबादच्या रस्त्याला, मळ्यातच. तीन खोल्या, पुढं ओटा, ओट्याला लागून पत्र्याची पडवी, आणि पडवीत आत्याचं मशीन. आता तिथं इमारती झाल्यात आणि मी इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये बसून हे लिहितेय. मध्ये नातवाला घर कुठं होतं ते दाखवायला गेले तर माझं मलाच सापडेना. एका जिमच्या पार्किंगमध्ये उभी राहून "इथं असावं" म्हणाले, त्यानं "ओके" म्हटलं, आणि आलो परत. मळ्यात शेवंती, गुलछडी, झेंडू. उजाडायच्या आत तोडणी, मग आण्णा म्हणजे माझे वडील पाट्या भरून नदीकाठच्या फूलबाजारात जायचे. आई दिवसभर हार-गजरे ओवायची. बोलता बोलता ओवायची, भांडता भांडताही ओवायची. विहिरीवरची मोटार बंद झाली की एकदम शांत व्हायचं आणि मग फक्त मशीनचा आवाज उरायचा, थांबत थांबत येणारा, कारण शालूवर मशीन भरधाव चालवता येत नाही. जेवायला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची ओली चटणी, मेथी. सणाला मात्र मांडे, आणि खापरावरचे मांडे हे थोरल्या काकूचं राज्य. काकू म्हणजे आण्णांची चुलती, शेजारच्या घरात राहायची. कुणी कुणाला ओवाळायचं, कुणी पुढं व्हायचं, कुणी मागं राहायचं, हे सगळं ती ठरवायची. तिच्या मांड्यांना नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती आणि तिच्या रीतींनाही.

इंदूआत्या आण्णांची धाकटी बहीण. तिचं सासर नांदगावला, भुसार मालाचं दुकान. मी फ्रॉकमध्येच होते तेव्हा, एका दिवाळीला आण्णा तिला माहेरी घेऊन आले आणि ती राहिली ती राहिलीच. भांडण नाही, मारहाण नाही, काडीमोड नाही. कुणी न्यायला आलं नाही, एवढंच. आमच्याकडची रीत अशी, की लेकीला माहेरी आणायची आपण, पण परत न्यायला सासरचं माणूस आलं पाहिजे. "न्यायला आल्याबिगर पाठवायची नाय," आण्णा म्हणायचे, "आपली पोर काय रस्त्यावर पडली हाय?" काकूचाही तोच हुकूम. भाऊबीज झाली, तुळशीचं लग्न झालं, संक्रांत गेली. आत्यानं पिशवी भरून ठेवली होती. त्यातलं एकेक पातळ नेसायला काढता काढता ती पिशवी रिकामी झाली. मूल झालं नव्हतं म्हणून नेत नसतील, असं बायका कुजबुजायच्या. कुणी म्हणे, नवऱ्याचंच काहीतरी असेल. आत्याला विचारलं तर ती म्हणायची, "मला काय माहीत बाई, मी इथं हाय." कपाळावर कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं, तरी हळदीकुंकवाला बोलवायला आलेली बाई आईकडं बघून बोलायची आणि आत्याकडं बघून नुसतं हसायची. आत्यालाही ते कळायचं. ती दोरा दातानं तोडायची आणि मान खाली घालायची. मला त्या बायकांचा भारी राग यायचा, आणि त्या मला खाऊ द्यायच्या म्हणून तो टिकायचा नाही.

शिवण सुरू झालं ते घरातूनच. आईचा एक जरीकाठी शालू घडीवर विरला होता. रेशमाचं असंच असतं, वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलं की तिथंच चिरतं. आत्यानं तो उन्हात धरून कुठं दम आहे, कुठं नाही ते पाहिलं, विरलेला भाग टाळून तुकडे काढले आणि मला परकर-पोलकं शिवलं. आतून आण्णांच्या जुन्या धोतराचं अस्तर, कारण जर पोरांच्या अंगाला टोचते. काठ परकराच्या घेराला, पदरातल्या कोयऱ्या पोलक्याच्या पाठीवर. नेफ्यात दुमडून चांगलं वीतभर कापड ठेवलं, पोर वाढली की उसवून सोडायला. ते घालून मी एका लग्नात गेले आणि तिथल्या बायकांनी मला उलटी-सुलटी करून पाहिली. मग येऊ लागल्या. बारशाची कुंची, बोरन्हाणाचं काळ्या चंद्रकळेचं झबलं, शाळेच्या गॅदरिंगला घागरा. एकदा एका वकिलाच्या बायकोनं नवऱ्याचा लग्नातला कोट आणला आणि मुलाला मुंजीसाठी जाकीट शिवून मागितलं. पहिली कात्री वकिलाला लावायला लागली. फार नाखूश होता बिचारा. आता याच कामाला काहीतरी इंग्रजी नाव आहे. सुनेनं परवा मोबाइलवर दाखवलं, गंगापूर रोडवरची कुणी मुलगी जुन्या पैठणीचे फ्रॉक करते. मी फोटो मोठा करून बघितला. मोर उलटे आले होते, डोकी खाली, पाय वर. सून म्हणाली, "आई, तुम्ही पण ना! कोण एवढं बघतं?" आत्यानं बघितलं असतं.

आत्याचा स्वतःचाही शालू होता. डाळिंबी रंगाचा, अंगभर बारीक जरीचे बुट्टे, सासरहून लग्नात आलेला. दिवाळीला येताना तो तिनं बरोबर आणला होता, कारण भाऊबिजेला नेसायचा होता. दरवर्षी थंडीत ती तो ट्रंकेतून काढायची, बाजेवर धोतर अंथरून त्याला ऊन दाखवायची आणि घडी बदलून परत ठेवायची. लोकांचे शालू कसे विरतात ते रोज बघत होती, त्यामुळं तिचा शालू जसाच्या तसा राहिला. काकू यायची, हात फिरवायची आणि म्हणायची, "ठेव गं जपून. नांदायला जाशील तवा नेसशील." आत्या "हूं" म्हणायची. एकदा आईनं सहज म्हटलं, "नेसा की एखाद्या सणाला, वन्सं. कापड आहे, हवा लागेल." आत्या म्हणाली, "ते पलीकडं जायचं कापड हाय, वहिनी. ते नेसून इथं वावरले तर मग जायचं काय नेसून?" आईनं विषय वाढवला नाही. मला मात्र ते वाक्य ऐकून बरं वाटलं नव्हतं. आत्या जाईल, ही गोष्ट तोवर माझ्या डोक्यातच आली नव्हती.

मग रमेशकाकाचं लग्न ठरलं. रमेशकाका म्हणजे आण्णांचा आणि आत्याचा सगळ्यात धाकटा भाऊ. आत्यानंच त्याला अंगाखांद्यावर वाढवलेलं, तो तिला ताई म्हणायचा आणि तिच्याशी रोज भांडायचा. मुलगी पिंपळगाव बसवंतची. आता नवरदेवाची बहीण म्हणजे करवली. तिनं पाण्यानं भरलेला, आंब्याची पानं आणि नारळ ठेवलेला कऱ्हा घेऊन लग्न लागताना भावाच्या मागं उभं राहायचं. आत्या ही एकच बहीण. पण बैठक बसली तेव्हा काकू म्हणाली, "करवली ही होईल," आणि माझ्याकडं बोट केलं. आत्या चहा घेऊन आली होती. काकूनं आवाजही खाली केला नाही. "नांदती बाई असती तर गोष्ट वेगळी. शुभ कार्य हाय. उद्या काय झालं तर लोक बोट कुणाकडं दाखवतील?" रमेशकाका म्हणाला, "ताई असताना ही चिमुरडी कशाला?" आण्णांनी त्याला गप्प केलं. आत्यानं सगळ्यांपुढं चहा ठेवला, एक कप कमी पडला म्हणून आत गेली, आणि तो घेऊन परत आली. मी करवली होणार म्हणून मला आनंद झाला होता, हे मी लपवत नाही; त्या वयात कुणाला झाला नसता?

आण्णांनी रीत म्हणून नांदगावला पत्रिका पाठवली. आजवर कुठल्याच कार्याला तिकडून कुणी फिरकलं नव्हतं. यावेळी मात्र नांदगावच्या बाजारात जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर निरोप आला: लग्नाला येतो, आणि इंदूला तिथूनच घेऊन जातो. म्हातारीला आता गुडघ्यानं होत नाही. घरात बाईमाणूस पाहिजे. निरोप आला आणि घर एकदम हललं. आण्णा ओट्यावर येरझारा घालायला लागले, काकूनं देवापुढं साखर ठेवली, आईनं आत्याला जवळ घेतलं आणि डोळे पुसले. "बघ, म्हटलं नव्हतं मी?" काकू सगळ्यांना सांगत सुटली. "रीतीनं न्यायला येतायत. शालू नेसून बस म्हणावं मांडवात, म्हणजे तिथनंच ओटी भरून पाठवू." सगळे आत्याशी बोलत होते, तिच्याबद्दल बोलत होते, बांगड्या कुठून भरायच्या ते ठरवत होते. जाशील का, असं तिला कुणी विचारलं नाही. आम्हा कुणालाच तो प्रश्न सुचला नाही. मी मात्र परसात जाऊन मोटारीच्या खोलीमागं रडून घेतलं आणि तोंड धुऊन आले.

लग्नाआधी झेंडूची मोठी तोडणी निघाली. सगळे मळ्यात होते. आईनं मला नवा परकर विकत घ्यायचं ठरवलं होतं, तर आत्या म्हणाली, "मी शिवते की. पैसे कशाला घालायचे?" त्या दुपारी तिनं मला पडवीत हाक मारली. धोतर अंथरलेलं होतं आणि त्यावर डाळिंबी शालू, पूर्ण उलगडून. एवढा मोठा मी तो कधी पाहिला नव्हता. पडवीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊन दुमडून परत आला होता. आत्यानं टेपानं माझी कंबर घेतली, उंची घेतली, मला गोल फिरवलं. साबणाची रेघ ओढली. मग कात्री घेऊन बसून राहिली. मी म्हटलं, "आत्या, पहिली कात्री मालकिणीची." मला फार हुशारीचं वाटलं होतं ते. ती माझ्याकडं बघून हसली. "तेच बघतेय गं," म्हणाली, "मालकीण कोण ते." मळ्यातून आई कुणालातरी ओरडत होती, ते ऐकू येत होतं. आत्याच्या कपाळावर घाम आला होता. तिनं पदरानं तो टिपला, मला म्हणाली, "ते टोक धर ताणून," आणि कापलं. रेशीम कापताना एक आवाज येतो, कोरडा, चर्र असा. एकदा सुरुवात झाल्यावर ती थांबली नाही. मध्येच रडली, पण हात चालू ठेवून. डोळ्यांतलं पाणी शालूवर पडू नये म्हणून मान बाजूला वळवायची, कारण रेशमावर पाण्याचा डाग राहतो. मी विचारलं, "घरी सांगू?" ती म्हणाली, "विचारलं तर सांग." कुणी विचारलंच नाही. शिवताना बाकीच्या बायकांच्या शालूंच्या ढिगात डाळिंबी रंग कुणाच्या लक्षात यायचा?

लग्नाच्या दिवशी ट्रकमधून वऱ्हाड निघालं. आत्या फिकट निळ्या सुती साडीत होती. काकूनं डोळे वटारले, तर म्हणाली, "धुळीत कशाला चांगलं नेसायचं? तिथं गेल्यावर बघू." काकूला पटलं. पिंपळगावला शाळेच्या पटांगणात मांडव होता आणि आम्हाला उतरायला शाळेच्याच दोन खोल्या दिल्या होत्या. बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर आदल्या दिवशीचं गणित. बाहेरून आचाऱ्यांचा गलका आणि बुंदी तळल्याचा वास येत होता. आत्यानं मला एका कोपऱ्यात नेऊन परकर-पोलकं घातलं. मी आरशाशिवायच फुगले. आई गजऱ्यांची पाटी घेऊन आत आली, मला पाहून जागीच थांबली आणि पाटी बाकावर ठेवली. "वन्सं, हा तुमचा शालू." "हो." "अहो पण आज ते न्यायला..." "माहितीय मला, वहिनी." आईनं तोंडावर हात ठेवला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, खाली वाकून माझ्या परकराची नाडी चाचपली आणि मला म्हणाली, "घट्ट होत नाही ना गं?" मग तिनं माझ्या केसांत गजरा माळला. आई त्या दिवशी मला फार आवडली.

पाहुणे आले ते थोड्या वेळानं. आत्याच्या सासूबाई, काठी टेकत, आणि बरोबर धाकटा दीर. नवरा आला नव्हता. दुकान सोडता येत नाही, म्हणाले. आण्णा अर्धे वाकून त्यांना खोलीत घेऊन आले, खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला. काकूनं आत्याला पुढं केलं. आत्यानं वाकून नमस्कार केला. म्हातारीनं तिला खालून वरून न्याहाळलं. "अशी काय लंकेची पार्वती होऊन आलीस?" ती म्हणाली. "शालू कुठाय? काढ, नेस. चारच्या गाडीनं निघायचं हाय." आत्यानं माझ्या दंडाला धरलं आणि मला तिच्यापुढं उभी केली. "हा बघा शालू," ती म्हणाली. म्हातारीनं परकराचा काठ हातात धरला, डोळ्यांजवळ नेला, आणि तिला ओळख पटली. "आमचा शालू फाडलास? अगं, आम्ही दिलेला शालू! एवढं धाडस?" काकूनं कपाळाला हात लावला. आण्णांचा चेहरा असा लालबुंद झाला, की मला वाटलं आता माझ्याच कानाखाली बसते.

"घडीवर विरला असता," आत्या म्हणाली. "इतकी वर्षं कुणी आलं नाय. मी किती दिवस ऊन दाखवत बसणार होते?"

"आम्ही कशाला येऊ?" म्हातारी उसळली. "आमच्याकडं माहेरची माणसं लेकीला आणून पोचवतात. पहिल्यापासून रीत हाय. तुझ्या भावानं पोचवली नाय. आम्ही म्हटलं, ठेवून घेतली त्यांनी. आम्ही वाट बघून थकलो."

काकूनं आण्णांकडं पाहिलं, आण्णांनी काकूकडं. आमची रीत सासरच्यांनी न्यायला यायची, त्यांची रीत माहेरच्यांनी पोचवायची, आणि दोन्हीकडचे आपापल्या ओट्यावर मान ताठ करून बसले होते. मला त्या वेळी एवढं समजलं नव्हतं. समजलं ते पुढं, माझं स्वतःचं लग्न झाल्यावर, आणि तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण नाशिकहून नांदगावला गाडी रोज जायची. आजही जाते.

आत्या मात्र शांत होती. ती सासूला म्हणाली, "आणि ह्यांना? ह्यांनाही नव्हतं का कधी वाटलं, गाडीत बसावं, विचारून यावं?" म्हातारी काठीकडं बघत राहिली. मग दीरच पुढं झाला. तो तसा बरा माणूस असावा. म्हणाला, "वहिनी, झालं ते झालं. दोन्हीकडनं चूक झाली. शालूचं काय घेऊन बसायचं, दुसरा घेऊ. आई रागात बोलते, मनावर घेऊ नका. चला तुम्ही." आणि आण्णांच्या जिवात जीव आला. मला दिसलं ते. त्यांचे खांदे खाली आले. "ऐक इंदे," ते म्हणाले, "पाहुणे समजूतदार हायेत. पाया पड, चूक झाली म्हण, आन् जा."

आत्या म्हणाली, "मी जात नाय."

"लोक बघतायत," आण्णा दबक्या आवाजात म्हणाले. खिडकीत खरंच लोक होते.

"बघू द्या. आण्णा, मला नांदवायचंच असतं तर ह्यांनी केव्हाच नेलं असतं, आणि तुम्हाला मला पाठवायचंच असतं तर तुम्ही केव्हाच सोडून आला असता. आता सासूबाईंचे गुडघे दाबायला बाई पाहिजे. मी शिवते, खाते. कुणाला जड नाय झाले. तरी तुमच्या घरात मला राहायचं का नाही, तेवढं आत्ता सांगा. म्हणजे मी परत जाताना ट्रकमध्ये बसायचं का दुसरीकडं कुठं, ते मला ठरवता येईल." बोलता बोलता तिचा आवाज फाटला. "मला फार भीती वाटतेय, आण्णा. पण जायचं नाय."

आण्णांनी खिडकीकडं पाहिलं. मी आत्याच्या निळ्या पदराला गच्च धरून उभी होते. बोलली ती आई. गजऱ्यांची पाटी उचलून कमरेवर घेत ती म्हणाली, "हे काय विचारणं झालं, वन्सं? ट्रकमध्येच बसायचं, माझ्याशेजारी. तुमचं मशीन घरात हाय ते मी एकटी काय चुलीत घालू?" ती एवढ्या मोठ्या आवाजात आण्णांसमोर पहिल्यांदाच बोलली असेल. आण्णांनी तिच्याकडं पाहिलं, मग बहिणीकडं, आणि मग पाहुण्यांकडं वळून हात जोडले. "जेवल्याबिगर जायचं नाय," ते म्हणाले. "पहिल्या पंगतीला बसा." आमच्या आण्णांची भाषा ज्यांना माहीत होती, त्यांना कळलं की विषय संपला. म्हातारी उठली आणि जेवणार नाही म्हणाली. दीर मात्र जेवला.

तेवढ्यात बाहेर वाजंत्री सुरू झाली. मला मांडवाकडं नेलं गेलं, हातात कऱ्हा दिला गेला. पाण्यानं भरलेला, वर नारळ, चांगलाच जड. अंतरपाट धरलेला होता, रमेशकाका पाटावर उभा, पलीकडं नवरी. माझे हात भरून आले होते आणि खोलीतल्या प्रकारानं माझ्या डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. पाणी गालावरून गळून शालूवर पडेल म्हणून मी मान बाजूला वळवून उभी होते. कऱ्हा हलायला लागला. नारळ कलला. गर्दीतून आत्या आली आणि तिनं माझ्या हातातून कऱ्हा काढून घेतला. "पोरीला पेलत नाय," म्हणाली.

काकू लगबगीनं आडवी आली. "इंदे, तू नको. आज तरी नको. माझं ऐक."

"काकू," आत्या म्हणाली, "नवरदेवाची बहीण कोण हाय?"

रीतीनं या प्रश्नाला एकच उत्तर होतं, आणि रीत काकूला तोंडपाठ होती. ती बाजूला झाली. आत्या सुती साडीत, हातात कऱ्हा घेऊन, पाटापासून चांगली चार हात लांब उभी राहिली. भटजींनी अक्षता वाटल्या का म्हणून विचारलं. रमेशकाकानं मुंडावळ्या बाजूला सारून मागं वळून पाहिलं, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ताई, जवळ ये की. अशी पाहुण्यासारखी लांब काय उभी राहतेस?" आत्या पुढं सरकली, त्याच्या पाठीला कऱ्हा लागेल इतकी जवळ, आणि भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली.